सासूबाईंचा विसर, पोटातले जिवाणू आणि प्रोबायोटिकचा कोर्स

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न नीट वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडते. तुमच्या सासूबाई ७१ वर्षांच्या, मुलुंडला तुमच्यासोबत राहतात. वर्षभरापासून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, गॅसवर दूध ठेवून विसरतात, आणि मागच्या महिन्यात भाजी घेऊन येताना शेजारच्या सोसायटीत शिरल्या. डायबेटिस जुना आहे, अॅसिडिटीची रोजची गोळीही तितकीच जुनी, आणि पोट साफ होत नाही ही कायमची तक्रार. तुमच्या दिरांनी पाठवलेल्या व्हिडिओत अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे स्मरणशक्ती हळूहळू ढासळण्याचा, एक प्रकार) पोटातून सुरू होतो असं सांगितलंय. एका ठिकाणी शौचातल्या जिवाणूंची तपासणी आणि त्यावरून ठरवलेला सहा महिन्यांचा प्रोबायोटिकचा, म्हणजे उपयोगी मानलेल्या जिवंत जिवाणूंच्या पुड्या-गोळ्यांचा, कोर्स सुचवलाय, ज्याचा खर्च तुम्हाला जड जातोय. तो करावा का, हा एक प्रश्न. आणि मिस्टरांना पुढे हा आजार होऊ नये म्हणून आतापासून पोटाची काय काळजी घ्यावी, हा दुसरा.

तुम्ही बरंच तपशिलात लिहिलंय, पण त्यात एक गोष्ट कुठेच सापडली नाही. सासूबाईंची स्मरणशक्ती अजून कुणी डॉक्टरांनी तपासलेली नाही. अल्झायमर हे नाव तुमच्या घरात व्हिडिओमुळे आलं आहे. त्यामुळे माझ्या मते आधी सोडवायचा प्रश्न आहे तो त्यांना नेमकं काय झालंय हा. त्यांचं वय, डायबेटिस आणि ती जुनी गोळी बघता त्यांच्या विसरण्याचा पोटाशी संबंध असूही शकतो. मात्र तो व्हिडिओतल्यापेक्षा बराच साधा असेल, आणि त्यातला काही भाग दुरुस्त होण्यासारखा असेल.

मी मुंबईत वयस्कर माणसांचे आजार बघते, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत विसरण्याची तक्रार घेऊन येणारे खूप असतात. माणूस समोर नसताना निदान करता येत नाही, म्हणून खाली जे लिहितेय ते 'सासूबाईंना हेच झालंय' असं समजू नका. तुमच्या जागी मी असते तर कोणत्या क्रमाने गेले असते, तेवढंच सांगतेय.

आधी छोटं उत्तर: ती तपासणी आणि तो कोर्स आत्ता करू नका. पैसे आणि पुढचे दोन-तीन आठवडे निदानावर खर्च करा.

आता संशोधनाकडे येते, कारण त्या व्हिडिओत सगळंच खोटं नसणार. आपल्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. सगळ्यांचं मिळून वजन २०० ग्रॅमच्या आसपास भरतं. आपल्याला न पचलेला चोथा ते खातात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार करतात. ही आम्लं आतड्याच्या अस्तराला पोसतात, काही रक्तात उतरतात. आतड्यापासून मेंदूपर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस आहे, तिच्यातून संदेश जात-येत असतात. तिसरा रस्ता सुजेचा. आतड्याचं अस्तर कमकुवत झालं की जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात शिरतात, शरीराची संरक्षणयंत्रणा चवताळते, आणि ही बारीक पण कायमची सूज मेंदूतल्या रक्षक पेशींनाही अस्वस्थ करते. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात आणि टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुंतवळी होतात. जर्मनीत अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली पहिल्या रुग्णाचं वर्णन केलं तेव्हा त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली हेच दिसलं होतं. त्या थरांभोवतीच्या रक्षक पेशी सतत खवळलेल्या असतात. म्हणून आतड्यातली सूज या आजाराला हातभार लावत असेल का, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडणं अगदी रास्त आहे.

उंदरांवरचे प्रयोग तर विचार करायला लावणारे आहेत. अल्झायमरसारखा आजार व्हावा अशी जनुकं घातलेले उंदीर पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवले, तर त्यांच्या मेंदूत अमायलॉइड कमी साचतं. २०१७ साली युरोपातल्या एका गटाने हे दाखवलं, आणि त्याआधी शिकागोत अँटिबायोटिक देऊन असाच परिणाम मिळाला होता. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात टाऊच्या बाबतीतही हेच आढळलं: जंतुविरहित उंदरांच्या मेंदूची झीज कमी. त्याच वर्षी आयर्लंडमधल्या कॉर्कच्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या शौचातले जिवाणू निरोगी तरुण उंदरांच्या आतड्यात सोडले, आणि त्या उंदरांची काही प्रकारची स्मरणशक्ती घसरली. हा शेवटचा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. जिवाणू नुसतेच आजाराचे साक्षीदार नसावेत, असं तो सुचवतो.

माणसांचं काय? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये २५ अल्झायमर रुग्ण आणि २५ निरोगी माणसं यांच्या जिवाणूंची तुलना झाली. रुग्णांमध्ये जिवाणूंचे प्रकार कमी होते आणि बायफिडोबॅक्टेरियम नावाचा उपयोगी गट घटलेला होता. इथे एक अडचण लक्षात घ्या. विसरणारा माणूस नीट जेवत नाही, तेच तेच खातो, हिंडणं-फिरणं कमी होतं, पोट तुंबतं, गोळ्या वाढतात. या प्रत्येक गोष्टीने आतड्यातले जिवाणू बदलतात. पावसाळ्यात भिंतीवर बुरशी दिसली म्हणून बुरशीनेच भिंत ओली केली असं आपण म्हणत नाही. एकदा धरल्यावर ती भिंत आणखी खराब करते, हे मात्र खरं. जिवाणूंच्या बाबतीत नेमकं काय आधी आणि काय नंतर, हे असल्या तुलनेतून कळत नाही.

यावर थोडा प्रकाश सेंट लुईसच्याच २०२३ मधल्या दुसऱ्या अभ्यासाने टाकला. त्यात १६४ माणसं होती आणि सगळ्यांची स्मरणशक्ती शाबूत होती. त्यातल्या ४९ जणांच्या तपासण्यांत मात्र आजाराच्या अगदी सुरुवातीच्या खुणा निघाल्या. लक्षणं नसतानाच या ४९ जणांचे जिवाणू बाकीच्यांपेक्षा वेगळे होते. म्हणजे बदल लवकर होत असावा, असं दिसतं. कारण कोण आणि परिणाम कोण, याचं उत्तर तरीही शिल्लकच राहतं.

दुसरी गोष्ट व्हिडिओवाले सहसा सांगत नाहीत. मी वर ज्या छोट्या आम्लांचं कौतुक केलं, तीच आम्लं टाऊच्या प्रयोगातल्या त्या जंतुविरहित उंदरांना दिली तेव्हा त्यांच्या मेंदूतली झीज पुन्हा वाढली. इतर बऱ्याच प्रयोगांत हीच आम्लं फायद्याची ठरलेली आहेत. मग यांना 'चांगलं' म्हणायचं की 'वाईट'? कोणत्या प्राण्यात, कोणत्या टप्प्यावर, किती प्रमाणात, यावर ते ठरतं. 'चांगले जिवाणू वाढवा, मेंदू वाचवा' हे वाक्य ऐकायला सोपं आहे, विषय तितका सोपा नाही.

मग उपचार म्हणून कुणी वापरून बघितलं का? बघितलं. इराणमध्ये २०१६ साली ६० रुग्णांवर १२ आठवडे प्रयोग झाला. ज्यांना चार प्रकारचे जिवाणू घातलेलं दूध दिलं त्यांचे स्मरणशक्तीच्या चाचणीतले गुण थोडे सुधारले. ही बातमी जगभर गेली. नंतर इराणमध्येच आजार बराच पुढे गेलेल्या रुग्णांना प्रोबायोटिक दिलं तेव्हा फरक दिसला नाही, आणि ती बातमी मात्र फारशी कुठे गेली नाही. चीनमध्ये समुद्री शैवालापासून केलेल्या एका औषधाला २०१९ मध्ये सशर्त परवानगी मिळाली. ते आतड्यातल्या जिवाणूंमार्फत मेंदूतली सूज कमी करतं, असा दावा होता. त्याची मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२ मध्ये अर्ध्यावरच थांबवली गेली. आज जगात अशी एकही प्रोबायोटिकची पुडी किंवा गोळी नाही जिने अल्झायमर थांबतो किंवा मागे फिरतो असं पक्कं सिद्ध झालंय. हे मी निराश करायला सांगत नाही. मला या संशोधनाबद्दल मनापासून आशा आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावाने घाबरलेल्या घरांकडून पैसे घेतले जातात तेव्हा वाईट वाटतं.

ही कल्पना तशी जुनीच आहे. मेचनिकॉफ नावाच्या शास्त्रज्ञांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये मांडलं होतं की म्हातारपण आतड्यातल्या सडणाऱ्या जिवाणूंमुळे येतं आणि आंबवलेलं दूध त्यावर उतारा आहे. १९०८ सालचं नोबेल त्यांना मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेचे वाल्डेमार हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी, ज्यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली. गुरूची कल्पना अजून सिद्धतेची वाट बघतेय, शिष्याची लस लगेच कामी आली. दोघांच्याही कामात तळमळ तेवढीच होती.

शौचाच्या तपासणीबद्दल दोन शब्द. तुमच्या सासूबाईंच्या वयाच्या, मराठी जेवण जेवणाऱ्या, डायबेटिसची गोळी घेणाऱ्या बाईच्या आतड्यात कोणते जिवाणू किती असावेत, याचा ठरलेला मापदंड नाही. भारतात झालेल्या अभ्यासांत दिसलंय की धान्य-भाजीवर राहणाऱ्या आपल्या लोकांत प्रिव्होटेला नावाचा गट भरपूर असतो. पाश्चात्त्य देशांतल्या माणसांत तो बहुतेकदा कमी आढळतो. त्यांच्या आकड्यांशी ताडून बघितलं तर आपला निरोगी माणूसही 'बिघडलेला' ठरू शकतो. शिवाय चार दिवस अँटिबायोटिक घेतलं, जुलाब झाले, उपासाचा आठवडा गेला की अहवाल बदलतो. आणि अहवाल काहीही आला तरी स्मरणशक्तीचा उपचार त्याने ठरत नाही. मग तो करून घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता तुमच्या घराकडे येऊ. माझ्याकडे असा रुग्ण आला की मी सोबतच्या माणसाला पहिल्यांदा सांगते, गोळ्यांचा डबा दाखवा. प्रिस्क्रिप्शनची फाईल नको, डबाच. त्यात मेडिकलवाल्याकडून आणलेल्या, शेजारणीने सुचवलेल्या, पाच वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेल्या आणि कुणीच बंद न केलेल्या गोळ्या निघतात.

सासूबाईंच्या डब्यात मी चार गोष्टी शोधेन.

पहिली, अॅसिडिटीची गोळी आणि मेटफॉर्मिन यांची जोडी. पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी अनेक वर्षं घेतली की अन्नातलं बी-१२ नीट सुटं होत नाही. डायबेटिसची मेटफॉर्मिनही बी-१२ चं शोषण कमी करते. त्यात घरी शाकाहार असेल तर बी-१२ येणार दूध-दह्यातूनच. तीन कारणं एकत्र आली. बी-१२ कमी झालं की विसरायला होतं, चिडचिड होते, तळपायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. पोटातून मेंदूकडे जाणारी जी वाट आपल्या शहरात मला सर्वांत जास्त दिसते, ती ही आहे. साध्या रक्ततपासणीत कळते आणि इंजेक्शनांनी भरून काढता येते. किती सुधारणा होईल हे कमतरता किती जुनी यावर अवलंबून आहे. आधीपासून बी-१२ ची गोळी चालू असेल तर रक्तातला आकडा फसवा ठरू शकतो, म्हणून ते डॉक्टरांना आधीच सांगा. अहवाल २०० ते ३००च्या दरम्यान आला तर 'नॉर्मल आहे' म्हणून सोडू नका, पुढे आणखी एक-दोन तपासण्या करून खात्री करता येते.

दुसरी गोष्ट अॅसिडिटीच्या त्याच कॅप्सूलमध्ये लपलेली असते. बऱ्याच कॅप्सूलमध्ये आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड नावाचं दुसरं औषध असतं. गॅस, पोट फुगणं यांवर ते चांगलं वाटतं म्हणून वर्षानुवर्षं चालू राहतं. वयस्कर माणसांत त्याने हात थरथरतात, चाल मंदावते, चेहरा निर्विकार होतो, माणूस गप्प गप्प राहायला लागतो. घरचे म्हणतात, आई पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. स्ट्रिपच्या मागे छापलेलं बारीक नाव वाचा.

तिसरी, पोटात कळ आली की घ्यायची डायसायक्लोमिन, सर्दीची क्लोरफेनिरामाइन असलेली गोळी, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन. स्मरणशक्तीसाठी मेंदू जे रसायन वापरतो, तेच ही औषधं अडवतात. तरुण माणसाला यांनी जरा झोप येते, सत्तरीतल्या माणसाचा गोंधळ उडतो. आणि गंमत म्हणून नव्हे तर काळजीने सांगते, यांनीच पोटही तुंबतं. म्हणजे पोट आणि मेंदू दोन्ही एकत्र बिघडलेले दिसतात आणि दोष जिवाणूंवर जातो.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत तातडीची: डायबेटिससाठी ग्लिमेपिराइडसारखी साखर झपाट्याने उतरवणारी गोळी आहे का? विसरणारा माणूस गोळी दोनदा घेतो, किंवा गोळी घेऊन जेवायचं विसरतो. साखर खाली जाते, डोकं चालेनासं होतं, घाम येतो, आणि अशा वेळी माणूस दुसऱ्याच सोसायटीतही शिरू शकतो. वारंवार साखर फार उतरली तर मेंदूचं कायमचं नुकसान होऊ शकतं. आजपासून गोळ्या त्यांच्या हातात ठेवू नका, तुम्ही द्या. गोंधळल्यासारख्या वाटल्या की ग्लुकोमीटरवर साखर मोजा आणि वेळेसकट लिहून ठेवा. या वयात साखरेचं लक्ष्य थोडं सैल ठेवायचं का, हे त्यांच्या डायबेटिसच्या डॉक्टरांना विचारा. यांतली कोणतीही गोळी स्वतःहून एकदम बंद मात्र करू नका.

पोट साफ न होण्याची तक्रार 'वयच झालं' म्हणून सोडून देऊ नका. पोट कडक तुंबलं की वयस्कर माणसाला अक्षरशः भ्रम होऊ शकतो. शरीरातलं पाणी कमी होणं, लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं यांनीही तसंच होतं. इथे एक फरक ध्यानात ठेवा. अल्झायमर महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. दोन-चार दिवसांत एकदम माणूस बदलला, रात्री बरळायला लागला, दिवसा पेंगतो, तर ते वेगळं असतं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं असतं. एरवी, सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर दहा मिनिटं निवांत संडासला बसायची सवय लावा. पायाखाली छोटा पाट ठेवला तर जोर कमी लागतो. इसबगोल चालेल, पण भरपूर पाण्यासोबतच, आणि गिळताना ठसका लागत असेल तर अजिबात नको. थायरॉइड कमी असेल तरी पोट तुंबतं आणि विसरायला होतं, म्हणून तीही तपासणी करायची.

आहाराबद्दल मला फार नियम सांगायचे नाहीत, कारण इथे खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे. दात कसे आहेत, किडनी कशी आहे, साखर किती, वजन उतरतंय का, हे बघूनच बोलता येतं. तरी जिवाणूंना जे लागतं ते आपल्या स्वयंपाकघरात आहेच: ज्वारी-नाचणीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाज्या, गवार, भोपळा, शेंगदाणे, तीळ, जवसाची चटणी. चावता येत नसेल तर भाकरी आमटीत कुस्करून, भाजी मऊ शिजवून. घरचं दही, ताक, आंबील यांना माझी पूर्ण पसंती आहे. घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती, हे घरागणिक बदलतं, त्यामुळे त्याला औषध म्हणू नये, पण रोजच्या जेवणात ते असावं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२१ साली ३६ निरोगी माणसांवर झालेल्या अभ्यासात आंबवलेले पदार्थ दहा आठवडे खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचे प्रकार वाढले आणि सुजेच्या खुणा कमी झाल्या. तो अभ्यास स्मरणशक्तीच्या आजारासाठी नव्हता, म्हणून त्यातून तेवढंच घ्यायचं. चोथा एकदम वाढवू नका, गॅस होऊन त्या जेवणच टाळतील. आणि वजन उतरत असेल तर 'हेल्दी'च्या नादात तूप, दूध, अंडं काढून घेऊ नका. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत वजन घटणं हे मला पथ्य मोडण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

तपासणी कुठे करायची? जवळच्या चांगल्या फिजिशियनपासून सुरुवात करा, तिथून न्यूरोलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ. खर्चाचा प्रश्न असेल तर सायन, केईएम, नायर ही पालिकेची मोठी रुग्णालयं आणि सरकारी जेजे इथे हे विभाग आहेत. रांग लागते, सकाळी लवकर जा, पण तपासणी नीट होते. मुलुंडहून सायन तुम्हाला जवळ पडेल. सोबत गोळ्यांचा डबा, जुने अहवाल आणि एका कागदावर प्रसंग लिहून न्या: काय झालं, साधारण कधी, तेव्हापासून वाढतंय की तसंच आहे. सासूबाईंसमोर त्यांच्या चुकांची यादी वाचून दाखवू नका, कागद डॉक्टरांच्या हातात द्या. त्यांना शब्द लक्षात ठेवायला सांगतील, घड्याळ काढायला सांगतील, तारीख-वार विचारतील. त्या किती शिकल्या आहेत हे आधी सांगा, गुणांचा अर्थ त्यावरून लावतात. रक्तात बी-१२, थायरॉइड, सोडियम, किडनी, लिव्हर, साखर बघतील, आणि बहुधा डोक्याचा स्कॅन. ऐकू नीट येतंय का आणि मन उदास आहे का, हेही विचारलं जायला हवं. नाही विचारलं तर तुम्ही विषय काढा. ऐकू न येणारा माणूस विसरणारा वाटतो, आणि उदास माणूसही.

कुणी म्हणेल, सत्तरीत विसरायला होतंच. भारतभर झालेल्या मोठ्या पाहणीचा २०२३ चा अंदाज आहे की साठीच्या पुढच्या लोकांपैकी ७.४ टक्क्यांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे देशात ८८ लाख माणसं. शंभरातल्या ब्याण्णव-त्र्याण्णव जणांना तो नाही. वाट चुकणं हे वयाचं साधं लक्षण धरू नये.

समजा सगळं बघून अल्झायमरच निघाला. तेव्हाही पोटाचा विषय संपत नाही. सहसा डोनेपेझिल नावाची गोळी सुरू करतात. ती आजार मुळापासून काढत नाही, काही काळ रोजचं भान आणि कामं टिकवायला मदत करते. तिने मळमळ, जुलाब, भूक कमी होणं असे त्रास होतात, म्हणून ५ मिलिग्रॅमवर सुरू करून चार-सहा आठवड्यांनी वाढवतात. नाडी मंद असेल तर आधी ईसीजी. जुलाब झाले म्हणून घरच्यांनी गोळी गुपचूप बंद केली, असं फार होतं. बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. वेळ बदलून, मात्रा कमी करून किंवा रिव्हास्टिग्मिनचा पॅच लावून बऱ्याचदा मार्ग निघतो. त्या टप्प्यावर प्रोबायोटिक द्यायचंच असेल तर साधं, परवडणारं, जुलाबासाठी डॉक्टर देतात तसलं थोडे दिवस द्यायला माझी हरकत नसते. अपेक्षा मात्र पोटापुरती. कॅन्सरची औषधं चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर तेही विचारल्याशिवाय नको.

राहिला मिस्टरांचा प्रश्न. आईला सत्तरीत अल्झायमर झाला म्हणून मुलाला होईलच असं नाही. धोका थोडा वाढतो, इतकंच. जनुकांची तपासणी करून घेण्याचा सल्ला मी देणार नाही. धोका वाढवणारं एक ठळक जनुक माहीत आहे, पण ते असूनही अनेकांना आजार होत नाही आणि नसूनही होतो. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने आयुष्यात बदलता येण्यासारखी १४ कारणं मांडली आणि ती सगळी दूर झाली तर स्मृतिभ्रंशाची ४५ टक्क्यांपर्यंत प्रकरणं टाळता किंवा लांबवता येतील असा अंदाज दिला. त्यात ब्लड प्रेशर, डायबेटिस, कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं, सिगारेट, दारू, लठ्ठपणा, बैठी सवय, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार, हवेचं प्रदूषण, कमी दिसणं आणि कमी शिक्षण आहे. आतड्यातले जिवाणू त्या यादीत नाहीत. पुढे येतील का, ते संशोधन ठरवेल. चोथा खाणं आणि चालणं यांनी जिवाणूही सुधारतात आणि साखर-प्रेशरही, त्यामुळे त्यासाठी कुणाच्या निकालाची वाट बघायला नको. मिस्टरांचं ब्लड प्रेशर शेवटचं कधी मोजलं होतं? चाळिशी-पन्नाशीतलं वाढलेलं प्रेशर मेंदूला फार महागात पडतं आणि ते मोजायला जेमतेम पाच मिनिटं लागतात. घरून लोकल, लोकलमधून खुर्ची, खुर्चीवरून पुन्हा लोकल असा दिवस असेल तर रोज अर्धा तास भरभर चालणं त्यात कुठे बसतं, हे दोघांनी मिळून ठरवा.

सासूबाईंचे अहवाल आले की बी-१२, थायरॉइड, सोडियमचे आकडे आणि डब्यातल्या सगळ्या गोळ्यांची नावं इथेच लिहा, मी बघेन. तोपर्यंत गॅसची किल्ली रात्री आणि तुम्ही घरी नसताना बंद ठेवा, त्यांच्या पर्समध्ये नाव आणि तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि भाजीला जाताना कुणीतरी सोबत जा. एकटं जायचं बंद केलं म्हणून बाजारात जाणं बंद करू नका.